गच्चीवर बांधलेल्या कुत्र्यांच्या घरच्यांना खुले पत्र

प्रति,
खान्देशातली कुत्रं पाळणारी सगळी घरं,
आणि त्यातही ज्यांचं कुत्रं आत्ता गच्चीवर साखळीला आहे ती घरं.

दादा, ताई, सप्रेम नमस्कार.

होळी होऊन आठ दिवस झाले. आमच्या अमळनेरला सकाळी दहालाच ओट्याची फरशी तापायला लागली आहे. मिरच्या वाळत घालायला मी गच्चीवर जातो तेव्हा आजूबाजूच्या सहा गच्च्या दिसतात. त्यातल्या चार गच्च्यांवर कुत्रं आहे. एक जर्मन शेफर्ड, दोन लॅब्रॅडॉर आणि गेल्या दिवाळीत आलेला एक हस्की, ज्याच्या अंगावरचे केस सैबेरियाच्या बर्फासाठी आहेत. चौघंही साखळीला. चारही घरची माणसं चांगली आहेत, मी त्यांच्याकडे चहाला जातो. म्हणूनच कुणा एकाला बोलून दाखवण्यापेक्षा सगळ्यांना मिळून लिहितो आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून वेळ आहे. एकदा आखाजीचं ऊन सुरू झालं की मग हातात फारसं काही उरत नाही. जे करायचं ते याच महिन्यात.

मी जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होतो. चोपडा, पारोळा आणि अमळनेर तालुके मिळून एकतीस वर्षं नोकरी केली. गावात लोक मला डॉक्टर म्हणायचे, पण मी पदवीचा डॉक्टर नव्हे. लसी टोचायच्या, जखमा बांधायच्या, अडलेल्या म्हशीपाशी डॉक्टर येईपर्यंत कंदील धरून बसायचं, असं माझं काम. कुत्र्यांशी संबंध यायचा तो रेबीजच्या लसीपुरता. कुत्र्याबद्दल मला जे कळलं ते नोकरीत कळलं नाही. ते काळूने शिकवलं, आणि फार महागात शिकवलं.

काळू आमचा काळा लॅब्रॅडॉर. मुलाने पुण्यात घेतला होता, त्याची बदली झाली तेव्हा आमच्याकडे सोडला. पाच वर्षांचा होता. स्वभावाने इतका लाघवी की दारात कुणीही आलं की दोन्ही पाय त्याच्या छातीवर. माझ्या आईला त्याने एकदा असंच पाडलं. आम्ही ते हसण्यावारी नेलं, आनंदाने करतो बिचारा, म्हणून.

त्या वर्षी आखाजीला घर भरलं होतं. दोन्ही बहिणी आलेल्या, दोन्ही मुली, त्यांची लेकरं. अंगणातल्या निंबाला झोका, चुलीवर खापर, मांडे आणि आमरस. धाकट्या बहिणीची नात काळूला बघून किंचाळली, तशी मी त्याला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीची सावली बघितली, टाकीच्या पाइपाला साखळी अडकवली, घमेलंभर पाणी ठेवलं. साडेदहा वाजले होते. सावली चांगली ऐसपैस होती.

सावली सरकते. झाडाखाली बैल बांधताना दुपारी सावली कुठे येईल ते बघून खुंटा ठोकायचा, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलेलं आहे. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही. साडेबारापर्यंत सावली टाकीच्या बुडाशी गोळा झाली असणार. काळू सावली शोधत पाइपाभोवती फिरला आणि साखळी गुंडाळत गुंडाळत हातभर उरली. घमेलं उलटलं. पंगती आटोपून अडीचला मी वर गेलो तेव्हा तो काँक्रीटवर आडवा होता. मान ताणलेली, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ चिकट होऊन दोरीसारखी लोंबत होती. टाकीचा नळ सोडला तर पाणी हाताला चटका देणारं. मी त्याला उचलून जिन्याने खाली आणला. त्याची नखं भिंतीला घासत होती, तो आवाज अजून कानात आहे. मोरीत ठेवून रांजणातलं पाणी त्याच्यावर ओतलं. ताप बघितला तर पारा १०८ ला टेकलेला. कुत्र्याचं अंग एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की आतलं एकेक निकामी व्हायला लागतं. डॉक्टर आले, सलाईन लावलं. दिवेलागणीला काळू गेला. झोक्यावरची पोरं तोवर गप्प झाली होती.

"त्याले सांगता येत व्हतं का?" एवढंच माझी बायको म्हणाली, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सगळे म्हणाले, ऊन लागलं. ऊन लागलंच. पण तो वर का होता, याचा विचार मी तो अख्खा पावसाळा करत राहिलो. तो वर होता, कारण पाहुण्याच्या अंगावर उडी मारायची नाही हे त्याला पाच वर्षांत आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर तो त्या दुपारी पोरांच्या पायाशी, कूलरसमोर झोपलेला असता. तुम्हाला या पत्रातून सांगायचं ते एवढंच आहे. ज्या कुत्र्याला चार गोष्टी शिकवल्या ते घरात राहतं. ज्याला शिकवलं नाही ते आधी ओट्यावर जातं, मग अंगणात, आणि आता प्लॉटवरच्या घरांना अंगणच नसतं, म्हणून गच्चीवर. गच्चीवर एकटं राहून ते आणखी बिथरतं, भुंकतं, येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जातं. मग आपण म्हणतो, याला खाली आणायची सोय नाही.

माझ्या लहानपणी कुत्रं बांधायची रीत नव्हती. धाब्याची घरं, पुढे ओटा, ओट्यापुढे निंब. कुत्रं सकाळी गाड्यामागे वावरात जायचं, दुपारभर गाड्याखाली झोपायचं, संध्याकाळी बैलांबरोबर परतायचं. त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नाही हे खरं. पण दिवसभर माणसांत, ढोरांत, गल्लीत वावरून काय चालतं आणि काय चालत नाही हे त्याच्या अंगवळणी पडायचं. त्या काळाचे गोडवे मी गात नाही. तेव्हा पिसाळलेलं कुत्रं चावून माणूस कसा जातो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आपण जे पिल्लू आज चार भिंतींत आणतो त्याच्या वाट्याला ती गल्लीची शाळा नाही. ती आपल्यालाच घरात भरवावी लागते.

आधी उन्हाचं बोलतो, कारण ते तोंडावर आलं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांच्या गादीला थोडासा येतो. त्याचं अंग थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरचं आणि घशातलं पाणी उडून. आपल्याकडे पारा ४५ सेल्सिअसला जातो तेव्हा बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम असते. मग वाऱ्याने अंग निवत नाही, उलट तापतं. पाणी उडणं हा एकच मार्ग उरतो, आणि भांडं उलटलं की तोही बंद. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही धड टाकता येत नाही, त्यांचे हाल सगळ्यात जास्त. पत्र्याचं खोपटं करून दिलं की सोय झाली असं बरेच जण समजतात. त्या पत्र्याला दुपारी हात लावून बघा.

आपली हवा कोरडी आहे, त्याचा फायदा घ्या. कूलर आपल्याकडे चालतो तो त्याच कारणाने. कूलर नसला तर खालच्या खोलीतला किंवा मोरीजवळचा कोपरा द्या, ओलं गोणपाट अंथरा, दोन जड भांड्यांत पाणी ठेवा, एक लवंडलं तर दुसरं राहतं. फिरवायचं ते सूर्य वर यायच्या आत आणि रात्री जमीन निवल्यावर. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवा आणि सात मोजा. तेवढा वेळ हात टिकला नाही तर त्याचे पाय कसे टिकतील? हस्की किंवा पॉमेरियनचे केस मुळापासून भादरू नका, ते केस उन्हालाही आडवे येतात. विंचरून मेलेली लव काढून टाका.

आणि ऊन लागलंच, म्हणजे कुत्रं लडखडायला लागलं, हिरड्या गडद लाल झाल्या, उलटी झाली, तर आधी पाणी, मग दवाखाना. माठातलं, रांजणातलं, हापशाचं, कोणतंही थंड पाणी अंगावर, पोटावर, जांघेत ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ताप १०३ पर्यंत उतरला की ओतणं थांबवा. आणि नंतर ते उभं राहिलं, शेपटी हलवली, तरी डॉक्टरांना दाखवाच. किडनीला झालेली इजा एखाद्या दिवसाने दिसते.

आता शिकवण्याबद्दल.

काळूनंतर वर्षभर आम्ही कुत्रं ठेवलं नाही. मग बोरी नदीच्या पुलाखाली पावसात एक गावठी पिल्लू सापडलं. आई गाडीखाली गेलेली. ती चिंगी. या वेळी मी ठरवलं की बैल औताला लावताना जो धीर धरतो तोच इथे धरायचा. पहिल्याच आठवड्यात आमची चूक लक्षात आली. मी म्हणायचो "बस", बायको म्हणायची "बठ", आणि सुट्टीत आलेला नातू म्हणायचा "सिट डाऊन". एका कामाला तीन शब्द, तिने कोणता धरावा? रात्री जेवताना सगळ्यांनी बसून शब्द ठरवले. अहिराणीच ठेवली, कारण दिवसभर तिच्याशी बोलणार ती माझी बायको. बठ. आठे ये, म्हणजे इकडे ये. ऱ्हाऊ दे. जागावर. चारच शब्द, आणि ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवले, म्हणजे आलागेलाही तेच बोलेल.

बसायला शिकवणं चार-दोन दिवसांचं काम आहे. भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरायचा, तिच्या नाकाजवळ न्यायचा आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवायचा. नाक वर गेलं की बूड आपसूक खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. सगळी मेख त्या क्षणात आहे. तुम्ही तुकडा देईपर्यंत ती उठून उभी राहिली असेल तर तुम्ही बक्षीस उठण्याचं दिलं, बसण्याचं नव्हे. पहिले दोन दिवस तोंडाने शब्द उच्चारायचाच नाही, नुसता हात. ती न चुकता बसायला लागली की मग हात हलवायच्या आधी "बठ" म्हणायचं. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि तेही जेवणाआधी, भूक असताना. भरल्या पोटी कुणी शिकत नाही.

खरी गरजेची गोष्ट "जागावर" ही. जुन्या लुगड्याची एक गोधडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टाकली. चिंगीचा पाय गोधडीवर पडला की तुकडा. चारही पाय पडले की दोन तुकडे. मग झोपली की. मग झोपून दहा मोजेपर्यंत थांबली की. असं चार आठवडे. त्यानंतर नातवाला कामाला लावलं. त्याने बाहेर जायचं, कडी वाजवायची, मी "जागावर" म्हणायचो, ती गोधडीवर गेली की तुकडा, आणि मगच दार उघडायचं. पहिल्या दिवशी तीस वेळा कडी वाजली आणि तीसही वेळा ती दाराकडे पळाली. मी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी एकदा तिने मध्येच वळून गोधडीकडे बघितलं. मी तेवढ्यावर तुकडा टाकला. अडीच महिने लागले. आता कडी वाजली की मला काही म्हणावं लागत नाही, ती स्वतः उठून गोधडीवर जाऊन बसते आणि माझ्या तोंडाकडे बघते. पुढच्या आखाजीला घर पुन्हा तसंच भरलं. चिंगी कूलरसमोर होती. तीच नात, आता मोठी झालेली, तिने हाताने चिंगीला भाकरी भरवली. मी जरा वेळ मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

अंगावर उडी मारणाऱ्याला ढकलू नका, ओरडूही नका. त्याला तो खेळ वाटतो, आणि तुमचं लक्ष हेच तर त्याला हवं असतं. पाठ फिरवून उभं राहायचं. चारही पाय जमिनीला टेकले की वळून लाड करायचे. घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. एकाने जरी "असू दे, लाडाने करतं" म्हटलं की आठवड्याची मेहनत वाया जाते.

मारण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पिल्लाने घरात मुतलं म्हणून त्याचं नाक त्यात घासणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ती माणसं निर्दयी नव्हती, त्यांना तसंच सांगितलेलं होतं. पिल्लाला त्यातून एवढंच कळतं की माणूस जवळ असताना मुतायचं नाही. मग ते पलंगाखाली, दाराआड जातं. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्या, ठरलेल्या जागी उभे राहा आणि केल्यावर कौतुक करा. रात्रीतून एकदा तुम्हालाही उठावं लागेल. घरात झालेली जागा पुसून व्हिनेगरचं पाणी मारा, म्हणजे वास राहत नाही आणि पिल्लू तिथे परत जात नाही.

मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरतं. गुरगुरल्यावर पुन्हा रट्टा बसला की ते गुरगुरणं सोडून देतं, आणि घरच्यांना वाटतं सुधारलं. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली पूर्वसूचना असते, मला भीती वाटते आहे, लांब राहा. ती सूचना आपण मारून बंद केली की उरतो तो थेट चावा. "काहीच केलं नाही हो, एकदम चावलं," असं मी नोकरीत कितीतरी वेळा ऐकलं. थोडं खोदून विचारलं की आधीची गोष्ट निघायची. गुरगुरलं तर लेकराला मागे घ्या, कुत्र्याला मोकळी वाट द्या, आणि ते कशाला भ्यालं ते शोधा. खाताना, झोपेत, किंवा पिल्लांपाशी असताना लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

पिल्लू आणताना घाई करू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, आणि त्याला कारण आहे. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लाला कळतं की दात किती जोरात लावायचे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत जे जे ते शांतपणे बघेल त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. म्हणून लसी पुऱ्या व्हायच्या आधी जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन फिरवा. कुकरची शिट्टी, टोपी घातलेले आबा, बुरख्यातल्या काकू, छत्री, रिक्षा, लांबून वाजणारी वरातीची डफडी, सगळं दाखवा आणि प्रत्येक वेळी एक तुकडा द्या. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू देणं बंद करा, एवढी विनंती. ते पुढे दहा-बारा वर्षं जगतं, आणि मुलगा दहावीनंतर शिकायला बाहेरगावी जातो.

त्यावरून आठवलं. आपल्याकडे कुत्रं आणतो मुलगा, त्याची साखळी आणि पट्टा आणतो बाप, आणि त्याचं सगळं करते आई. सकाळी सडा-झाडू, डबे, वर कुत्र्याची घाण. तिला विचारलेलंही नसतं. मग ती बांधून ठेवा म्हणाली तर तिला बोल लावू नका. दादा, सकाळची अर्धा तास फेरी तुम्ही घ्या. शिकवण्याची पाच मिनिटं मुलांकडे द्या. घराघरांत एवढं वाटून घेतलं तरी निम्म्या साखळ्या सुटतील.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. आपलं भरीत, शेवभाजीचा रस्सा, फोडणीची खिचडी कुत्र्याला देऊ नका. कांदा, कांद्याची पात आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपल्या भरितात तर पात आणि लसूण मुठीने असतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून आतडी चिरतात. साधी भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं मटण, थोडं ताक त्याला चालतं.

गोचिडांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आपला मुलूख कपाशीचा. फवारणीचं उरलेलं औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर चोळलेलं मी पाहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. पारोळा तालुक्यात एका वाडीवर असं कुत्रं माझ्यासमोर तोंडाला फेस येऊन, पाय झाडत गेलं. मालक रडत होता, त्याने ते त्याच्या भल्यासाठीच केलं होतं. कपाशीवरचं औषध कातडीतून आत जातं, वर ते चाटूनही पोटात जातं. गोचिडांपासून तापाचे आजार होतात, रक्त कमी होतं, म्हणून त्या काढायलाच हव्यात. पण कुत्र्यासाठीचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणेच.

मांजरवाल्या घरांनीही दोन गोष्टी ऐका. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यातली काही मांजराचा जीव घेतात. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, मांजराला तेवढाही घातक ठरतो. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर चालून मांजर पाय चाटतं, म्हणून फरशी वाळेपर्यंत त्याला लांब ठेवा. आणि मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही. त्याला मांस-मासळी लागते, नुसत्या दूध-भाकरीवर त्याची नजरसुद्धा जाऊ शकते.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. गच्चीवरच असतं, त्याला कोण चावणार, हा विचार सोडा. माकडं, मांजरं, मुंगूस गच्चीवर येतातच. कुणाला कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना काही भरू नका. मांत्रिकाकडे नेण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात देतात. सगळे डोस पुरे करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेत द्यावं लागतं, ते विचारून घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ११ व्या कलमात अवास्तव आखूड किंवा जड साखळीने जनावर वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे तर त्यात वेगळं कलम टाकून लिहिलेलं आहे. साठहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी बसून नेमका हाच विचार केला होता. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे त्या दंडाच्या धाकाने कुणी साखळी सोडणार नाही, आणि मलाही तुम्हाला धाक घालायचा नाही.

काही जण म्हणतील, आप्पा, आमचं कुत्रं आता सहा वर्षांचं झालं, ते काय शिकणार. शिकतं. वेळ जास्त लागतो, कारण आधीचं विसरायचं असतं. माझ्या शेजारच्या गच्चीवरचा जर्मन शेफर्ड गेल्या दहा दिवसांपासून संध्याकाळी अर्धा तास खाली येतो आहे. पहिल्या दिवशी जिना बघून थरथरत होता, चार वर्षांत तो जिन्याने उतरलाच नव्हता. एकेका पायरीवर तुकडा ठेवून खाली आणला, पंचवीस मिनिटं लागली. परवा त्याने पाच मिनिटांत उतरून ओट्यावर बूड टेकलं. बहुतेक वेळ त्याचे मालक काका नुसतेच त्याच्याजवळ बसून असतात, पाठीवर हात ठेवून.

आजपासून सुरुवात करायची तर आधी दुपारी बारा ते पाच कुत्रं खाली आणा, मग तो कोपरा मोरीजवळचा असला तरी चालेल. बाकीचं हळूहळू.

पुढच्या रविवारपासून आखाजीपर्यंत, दर रविवारी सकाळी सात ते साडेआठ मी माझ्या ओट्यासमोरच्या निंबाखाली बसेन. कुत्रं घेऊन या, घरातल्या सगळ्यांना घेऊन या, आईला तर नक्की. पैसे लागत नाहीत. दोन-तीन कुत्री एकमेकांवर धावून जाणारी असतील तर आधी निरोप द्या, वेगवेगळ्या वेळा ठरवू. येताना भाकरीचे बारीक तुकडे डब्यात आणा आणि सुती दोर आणा, लांब, दहा-बारा हातांचा. साखळी घरी ठेवून या.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
अमळनेर, जिल्हा जळगाव